विस्तार कार्य (शिक्षणशास्त्र महाविद्यालये, मुंबई)

विस्तार कार्य म्हणजे विद्यापीठातले ज्ञान वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत नेण्याचे आणि त्या लोकांकडून काही शिकून परतण्याचे काम. व्याख्येचा दुसरा भाग अहवालांतून बहुधा गळतो. अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये मान्य केले.

मुंबईत ही प्रथा खुद्द विद्यापीठाहून जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, तर एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी १८४८ ची. तिच्या तरुण सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे स्वतः विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. ज्ञानप्रसारक सभा ही सोसायटीची मराठी शाखा, तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. पुढे मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, शहरात साक्षरतेची मोहीम निघाली. गिरणगावात पाळी संपवून आलेले कामगार रात्रीच्या वर्गांत बसू लागले.

शिक्षणशास्त्र महाविद्यालयात या कामाला वेगळी धार येते, कारण इथे शिकवणे हाच अभ्यासविषय असतो. महापालिका मार्गावरील १९०६ चे माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय, जे आज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे घटक आहे, किंवा चर्चगेटला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारातले शिक्षणशास्त्र महाविद्यालय ही याची उदाहरणे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि समाजकार्याला अभ्यासक्रमात थोडी ऐसपैस जागा मिळाली. छात्राध्यापकाने, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्याने, पाठ टाचण बनवलेले असते आठवीच्या वर्गासाठी. साक्षरता वर्गात समोर मात्र बसलेली असते पन्नाशीची बाई. नळाला पाणी यायची वेळ झाली की ती उठून जाते. तिला ‘हात वर करा’ म्हणता येत नाही. बाराखडीपासून सुरुवात केली तर ती कंटाळते. बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकड्यांत लिहिलेला नंबर, रेशनकार्डावरचे स्वतःचे नाव, फोनवर आलेला बँकेचा संदेश यांपासून सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला घेऊन येते. प्रौढाला शिकण्याचे कारण आधी लागते आणि धडा नंतर, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत असते. कळते ते चाळीच्या गॅलरीत.

मुंबई विद्यापीठात ही व्यवस्था आजीवन अध्ययन व विस्तार विभाग पाहतो. महाविद्यालयात विस्तार कार्य पाहणारे शिक्षक विद्यार्थ्यांचे गट करतात; स्त्रियांच्या स्थितीचे सर्वेक्षण, लोकसंख्या शिक्षण, खाद्यपदार्थांचा स्टॉल चालवण्याची अन्नपूर्णा योजना असे प्रकल्प असतात. १२० तास भरले की दहा गुण मिळतात. वर्षाअखेरीच्या ‘उडान’ महोत्सवात पथनाट्ये आणि भित्तिपत्रके यांची चुरस लागते. दहा गुणांवर डोळा ठेवून नाव नोंदवणारे पुष्कळ असतात, आणि त्यात गैर काही नाही. त्यातले काही जण गुण मिळाल्यावरही येत राहतात.

बाकी कार्यक्रमांचे वर्ष ठरलेले असते : ८ सप्टेंबरचा साक्षरता दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, पालकांचे मेळावे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीच्या ‘उल्लास’ या केंद्रीय साक्षरता कार्यक्रमात बी.एड.चे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून शिकवू शकतात.

साक्षर, पदवीधर, अगदी निवृत्त माणसांसाठीही हे दार उघडे असते. विद्यापीठाचा बहिःशाल (नेहमीच्या वर्गांबाहेरच्या शिक्षणाचा) विभाग व्याख्याने आणि अभ्यासक्रम चालवतो. त्याच्या पुरातत्त्व अभ्यासक्रमांना नोकरी सांभाळून येणारे लोक बसतात. या विभागाने अन्य संस्थांबरोबर हाती घेतलेल्या साष्टी (मुंबईची उपनगरे ज्या बेटावर आहेत ते) गवेषण प्रकल्पात ते मुंबईच्या उपनगरांत हिंडले आणि आपल्याच वस्तीतल्या शिल्पांच्या, गुहांच्या नोंदी त्यांनी केल्या.