तापमान आणि आर्थिक वाढ

तापमान आणि आर्थिक वाढ : हवामान नेहमीपेक्षा उष्ण झाले की एखाद्या प्रदेशाचे उत्पादन, उत्पन्न आणि ते उत्पन्न वाढण्याचा वेग यांत पडणारा फरक. उष्ण देश गरीब आणि थंड देश श्रीमंत, हे निरीक्षण जुने आहे. चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने आणि अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने हवेचा संबंध थेट माणसांच्या स्वभावाशी जोडला. ते पटण्याजोगे नाही. दोन देशांतल्या फरकात वसाहतींचा इतिहास, रोगराई, जमीनधारणा असे बरेच काही मिसळलेले असते. म्हणून आता एकाच देशाचे उष्ण वर्ष त्याच देशाच्या सौम्य वर्षाशी ताडून पाहतात.

मेलिसा डेल, बेंजामिन जोन्स व बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञांना २०१२ मध्ये असे आढळले की गरीब देशांत वर्षाचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर त्या वर्षीचा वाढीचा दर सुमारे १.३ टक्केबिंदूंनी घटतो, म्हणजे ३ टक्क्यांचा दर १.७ टक्क्यांवर येतो. श्रीमंत देशांत असा ठळक परिणाम दिसला नाही. २०१५ मध्ये मार्शल बर्क, सोलोमन सियांग व एडवर्ड मिगेल यांनी १३ अंशांच्या आसपासची वार्षिक सरासरी उत्पादनाला सर्वांत अनुकूल ठरवली. भारत त्या रेषेच्या कितीतरी वर आहे.

खरा वाद पुढे आहे. उष्णतेने फक्त त्या वर्षीचे उत्पन्न बुडते, की पुढच्या वाढीचा पायाच खचतो? विदर्भात कडक उन्हाने मजुराचा एक खाडा झाला, तर ती एका दिवसाची मजुरी गेली. पण वरुड-मोर्शीकडे पाणी आटून संत्र्याची झाडेच वाळली, तर नवी लागवड फळावर येईपर्यंत चार-पाच वर्षे हात रिकामे राहतात. त्या काळात घेतलेले कर्ज, मोडलेले दागिने, मुलीचे थांबलेले शिक्षण हे एका वर्षाच्या आकड्यात मावत नाही. दरवर्षी थोडा जरी वेग कमी झाला, तरी काही दशकांनी पडणारी तफावत प्रचंड असते.

नुकसान शेतापुरते नसते. मार्च २०२२ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकले आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. कारखान्यांबाबत ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन व मीनू तिवारी यांचा २०२१ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. वार्षिक तापमान १ अंशाने वाढले की भारतीय कारखान्यांचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते, असे त्यांना दिसले. जिथे हवा थंड ठेवली जाते तिथे कामाचा वेग टिकतो. खाडे मात्र थांबत नाहीत, कारण कामगार रात्री तापलेल्या पत्र्याखालीच झोपतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार २०३० पर्यंत भारताचे ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेपायी वाया जातील. बांधकाम आणि शेती यांवर त्याचा सर्वाधिक भार पडतो.

सरासरी आकड्यांत ही विषमता झाकली जाते. ओलिताच्या शेतापेक्षा कोरडवाहू शेताला आणि पगारी नोकरापेक्षा रोजंदाराला चटका जास्त बसतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा, म्हणजे उन्हाच्या लाटेचा आगाऊ इशारा व उपचाराची तयारी यांची योजना केली. नागपूरसह इतर शहरांनी तो मार्ग धरला. अशा आराखड्याने जीव वाचतात, बुडालेली मजुरी भरून निघत नाही. त्यासाठी ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून वेगळ्या धर्तीचा विमा आणला. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पारा गेला की पंचनाम्याशिवाय रक्कम थेट बाईच्या खात्यावर जमा होते.