तत्त्वतः मंजुरी मिळाली, मग पर्यावरणाचं काय?

दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या टेकडीवरचा काचेचा महाल १९३६ मध्ये जळाला. त्या मोकळ्या जागेवर १८ पडद्यांचं चित्रपट संकुल आणि गच्चीवर ९५० गाड्यांचा वाहनतळ उभारायला ब्रॉमली कौन्सिलने मार्च १९९८ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाची गरज नाही, असं ठरवून.

इंग्लंडमध्ये अशी परवानगी दोन टप्प्यांत घेता येते. आधी तत्त्वतः, नंतर रचना, दर्शनी रूप, रस्ते अशा ‘राखीव बाबीं’ची. युरोपीय समुदायाच्या १९८५ च्या निर्देशानुसार (ब्रिटन तेव्हा सदस्य असल्याने तो बंधनकारक होता) १९८८ मध्ये मूल्यांकनाचे नियम आले खरे, पण तिथल्या कायद्याच्या अर्थाप्रमाणे मूल्यांकन फक्त पहिल्या टप्प्यावरच मागता येई. इमारत कशी असेल हे ठरण्याआधीच तिचे परिणाम सांगायचे!

१९९९ मध्ये रॉचडेलच्या बिझनेस पार्कची मंजुरी न्यायालयाने याच कारणावरून रद्द केली. नुसत्या नमुन्याच्या नकाशावरून परिणाम कळत नाहीत, हे त्यामागचं साधं म्हणणं. मग कमाल-किमान मर्यादा आखून, त्या चौकटीतल्या वाईटात वाईट परिणामांचा विचार करायची पद्धत रुळली. तिला आजही ‘रॉचडेल एन्व्हलप’ म्हणतात.

त्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या राखीव बाबी कौन्सिलपुढे आल्या. काही सदस्यांना मूल्यांकन हवं होतं. आता ते मागता येत नाही, असा कायदेशीर सल्ला त्यांना मिळाला. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच: तपशील समोर आला, शंकाही आली, आणि विचारायची मुभा मात्र नव्हती. एक स्थानिक रहिवासी महिला न्यायालयात गेली.

दरम्यान, १९४७ ची परवानगी असलेली एक बंद खाण पुन्हा सुरू करण्याच्या वादात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये सांगितलं की, जे परिणाम नंतरच्या टप्प्यावरच कळतात त्यांचं मूल्यांकन त्या टप्प्यावर झालंच पाहिजे. ४ मे २००६ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या खटल्यातही तोच निकाल लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, जुने नियम निर्देशाशी विसंगत ठरवले. तोवर ती योजनाच बारगळली होती.

इंग्लंडचे नियम १ सप्टेंबर २००८ पासून बदलले, आणि राखीव बाबींच्या टप्प्यावरही मूल्यांकन मागण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला मिळाला.