तुळईचे आधार
तुळई जिथे टेकते किंवा जखडली जाते, तिथे तिची कोणती हालचाल रोखली जाते हे सांगणाऱ्या अटींना आधार-अटी म्हणतात. एका प्रतलात तुळईला तीनच हालचाली शक्य असतात : आडवे सरकणे, उभे सरकणे आणि फिरणे. आधार जी हालचाल अडवतो तिच्यापोटी एक प्रतिक्रिया, म्हणजे आधाराने तुळईवर लावलेला उलटा जोर, निर्माण होते. जी मोकळी सोडतो तिच्यापोटी काहीच नाही.

रोलर, म्हणजे तुळईखालची गोल लाट, फक्त टेकण्याच्या पृष्ठाला लंब सरकणे अडवतो, बिजागरी दोन्ही दिशांचे. जखडलेला आधार फिरणेही थांबवतो, म्हणून तिथे बलांबरोबर आघूर्णही (फिरवू किंवा वाकवू पाहणारा जोर) येते. समतोलाची समीकरणे तीन. त्यामुळे एका टोकाला बिजागरी व दुसऱ्या टोकाला रोलर असलेल्या साध्या तुळईच्या तिन्ही प्रतिक्रिया थेट निघतात. नुसती मोजदाद मात्र फसवते. सपाटीवरच्या तीन रोलरांवर ठेवलेल्या तुळईतही अज्ञाते (शोधायच्या प्रतिक्रिया) तीनच, तरी ती बोटाने ढकलली तरी सरकते.

दोन्ही टोके जखडली तर अज्ञाते सहा होतात आणि तुळई कशी वाकते याचा विचार केल्याशिवाय ती सुटत नाहीत. फायदा मोठा असतो. प्रति मीटर भ इतका एकसमान भार आणि ल लांबीचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) असेल, तर साध्या तुळईत मध्यावर नमन आघूर्ण भल²/८ येते; जखडलेल्या तुळईत टोकांशी भल²/१२ आणि मध्यावर भल²/२४. मध्यावरचा झोलही एक पंचमांशच उरतो.

मग सगळीच टोके का जखडत नाहीत? ३० मीटर लांबीची पोलादी तुळई ४० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे १४ मिमी वाढते. रोलर तिला तेवढी जागा देतो. दोन्ही टोके अडवली, तर पोलादात ९५ मेगापास्कलच्या आसपास दाब साचतो, वर काही भार नसतानाही. आधार खचण्याचेही तसेच : साधी तुळई नुसती कलते, जखडलेलीत नवी आघूर्णे येतात.

प्रत्यक्षात शुद्ध बिजागरी किंवा पूर्ण जखडण क्वचितच मिळते. भिंतीत थोडीशी घुसवलेली तुळई नकाशात जखडलेली दिसते. पण वर पुरेसे वजन नसेल तर तिचे टोक फिरतेच. उलट, साधी टेकलेली धरलेली काँक्रीटची तुळईही टोकाशी थोडी अडकतेच आणि वरच्या बाजूला तडकू पाहते. म्हणून गणितात तिथले आघूर्ण शून्य आले, तरी आधाराजवळ वरच्या अंगाला थोड्या सळया घालतातच.