कणकुंबीचा ढग आणि अथणीचा ढग

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, खानापूर तालुक्यात, कणकुंबी आहे. मलप्रभा तिथे उगम पावते आणि पावसाळा एकदा बसला की दिवसच्या दिवस खळ पडत नाही. पूर्वेकडच्या अथणी भागातला शेतकरी त्याच दिवसांत पेरणी पुढे ढकलत आभाळाकडे पाहत असतो. एकाच जिल्ह्यात ढगाकडे बघून एकाच्या तोंडी ‘आता पुरे’ आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘आता तरी ये’ असे येत असेल, तर निसर्गाचा भावनांवर होणारा परिणाम चितारू पाहणाऱ्या सीमाभागातल्या कलाकारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की ढग नेमका कोणाचा रंगवायचा.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार लवकर सुरू केला. नाट्यशास्त्राने आठ रस सांगताना प्रत्येकाला एक रंग नेमून दिला. शृंगाराला श्याम, करुणाला पारव्यासारखा करडा, रौद्राला लाल, अद्भुताला पिवळा. पुढच्या आलंकारिकांनी विभावाचे, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांचे, आलंबन (ज्याच्याविषयी भाव जागतो ते) आणि उद्दीपन (त्या भावाला चेतवणारे) असे दोन भाग केले आणि चांदणे, मेघ, वसंतातले उपवन यांना उद्दीपनात बसवले. या मांडणीत भावना मुळात माणसाच्या ठायी असते आणि निसर्ग तिला चेतवतो. ढग स्वतः दुःखी नसतो. हा भेद बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण आजही पुष्कळ चित्रांत उदासी दाखवायची म्हणून केवळ आभाळ काळे केले जाते आणि त्या आभाळाखाली कोण उभे आहे याचा पत्ता नसतो.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने, म्हणजे चित्रकलेवरच्या भागाने, ही चूक केलेली नाही. ग्रीष्म कसा काढावा हे सांगताना ते आटलेली तळी, सावली शोधणारी हरणे, चिखलात रुतून बसलेल्या म्हशी आणि थकलेली माणसे दाखवायला सांगते. उन्हाचा ताप तिथे देहाच्या वागण्यातून कळतो. दख्खनच्या दरबारांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रागमाला, म्हणजे रागांच्या चित्रमालिका, रंगू लागल्या, तेव्हा राग, ऋतू, प्रहर आणि नायिकेची अवस्था ही एकाच चौकटीत आली. बेळगावचा किल्ला तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८०–१६२७) स्वतः संगीताचा जाणकार होता; त्याने आपल्या गीतसंग्रहाच्या नावातच ‘नवरस’ हा शब्द योजला. म्हणजे ऋतू आणि भाव यांचे नाते सांगणारी एक मोठी चित्रपरंपरा या मुलखाच्या अगदी शेजारी नांदत होती, हे इथले लोक सहसा विसरतात.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि जागेवर बसून समोरचा प्रकाश टिपण्याची युरोपीय पद्धत हळूहळू दक्षिण महाराष्ट्रात पोहोचली. कोल्हापुरात आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. एकच पाणी वारंवार रंगवणाऱ्याची नजर पाण्याबरोबर स्वतःच्या मनावरही असणार, असे मला वाटते. बेळगावात चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली जी मुले घडली त्यांत चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले, तरी कोल्हापूर, पुणे आणि मुंबईकडे पाहण्याची इथल्या मराठी कलावंतांची सवय टिकली.

परंतु या विषयाचा सर्वांत सखोल विचार बेळगावात झाला तो कवितेत. इंदिरा संत (१९१४–२०००) यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेले आणि पुढे बेळगावात शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४६ मध्ये त्यांचे पती ना. मा. संत यांचे निधन झाले. त्यानंतर ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) हे संग्रह आले. या कवितांत पाऊस, अंधार, माती, फुले सतत येतात, पण निसर्गवर्णन म्हणून त्या वाचता येत नाहीत आणि आत्मकथन म्हणूनही नाही. बाहेरचा पाऊस आणि आतला एकटेपणा यांना जोडणारा ‘जसा’ किंवा ‘सारखा’ इंदिराबाई पुष्कळदा गाळूनच टाकतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी घडत आहेत असे वाचकाला जाणवते. उद्दीपनाची जुनी कल्पना इथे एक पाऊल पुढे जाते. चित्रकाराने हे तंत्र शिकण्याजोगे आहे, कारण रेषेला आणि रंगाला ‘जसा’ म्हणायची मुळात गरजच नसते.

विज्ञानाने या क्षेत्रात बरेच उशिरा पाऊल टाकले. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले, की ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हापासून ‘निसर्ग मन शांत करतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य आहे. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि घटप्रभेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्या चिकोडी आणि गोकाककडच्या माणसाला नदीचे चित्र शांत करीलच असे नाही. घाटावर पडलेला पाऊस आपल्या गावात न पडताही पूर होऊन येतो, ही भीती ना रसांच्या कोष्टकात सापडते ना खिडकीच्या प्रयोगात.

चित्रशाळेच्या बाहेरही एक जुनी रीत या भागात आहे. ज्येष्ठी अमावस्येला मातीचे बैल करून पुजतात; कानडी घरांत तिला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात. पाऊस नुकताच आलेला असतो किंवा यायचा असतो. पोरे ओल्या मातीचा गोळा घेऊन वशिंड काढतात, शिंगे चिमटीने ओढतात आणि ज्वारीचे दाणे डोळ्यांच्या जागी दाबून बसवतात. ज्या मातीत पेरायचे, तीच माती त्या दिवशी हातात घडत असते.