सेफ्ट्रियाक्सोन : अंतःक्षेपणाद्वारे सुरक्षित वापर

सेफ्ट्रियाक्सोन हे सेफॅलोस्पोरिन गटाच्या तिसऱ्या पिढीतील प्रतिजैविक असून ते शिरेतून किंवा स्नायूत टोचूनच द्यावे लागते, कारण तोंडावाटे घेतल्यास ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. गंभीर न्यूमोनिया, जिवाणूजन्य मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह), विषमज्वर, मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला मूत्रमार्गसंसर्ग, पोटातील संसर्ग आणि जंतुदोष रक्तात पसरल्याने होणारा सेप्सिस या आजारांत त्याचा उपयोग होतो. पुण्यातल्या सार्वजनिक रुग्णालयांपासून पेठांमधल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत ते सर्रास वापरले जाते. या परिचयामुळेच ते निरुपद्रवी असल्याचा समज पसरला आहे. इंजेक्शन म्हणजे गोळीपेक्षा ‘कडक’ औषध, असे रुग्णाचे नातेवाईक मानतात आणि काही डॉक्टरही त्या समजाला धक्का लावत नाहीत. वास्तविक या औषधाची सुरक्षितता त्याच्या कडकपणावर ठरत नाही. ते कोणाला, कशात विरघळवून, कोणत्या सलाईनबरोबर आणि किती दिवस दिले, यावर ती ठरते.

प्रतिजैविकांशी पुणे परिसराचा संबंध जुना आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तेथे तयार होणाऱ्या पेनिसिलिनमुळे हे औषध देशातल्या सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येऊ लागले. सेफॅलोस्पोरिनांचा उगम मात्र दूर सार्डिनिया बेटावरचा आहे. कॅल्यारी शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते तेथील पाण्यातून जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये एक बुरशी वेगळी केली आणि तिच्यावर पुढे ऑक्सफर्ड येथे झालेल्या संशोधनातून हा गट विकसित झाला. सेफ्ट्रियाक्सोन १९८०च्या दशकात वापरात आले. पेनिसिलिनप्रमाणेच त्याच्या रेणूत बीटा-लॅक्टम वलय असते आणि ते जिवाणूंची पेशीभित्तिका बांधली जाण्याची क्रिया रोखते. रक्तातील प्रथिनांना ते मोठ्या प्रमाणात चिकटून राहते व त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे आठ तासांचे असते, म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एक मात्रा पुरते. प्रौढांसाठी ती साधारणतः १ ते २ ग्रॅम असते. मेनिंजायटिसमध्ये दर बारा तासांनी २ ग्रॅम द्यावे लागतात, तर मुलांची मात्रा वजनावरून ठरते.

ज्या जंतूंवर हे औषध चालत नाही त्यांची यादी लक्षात ठेवणे अधिक गरजेचे आहे. स्यूडोमोनास, एन्टेरोकोकस, लिस्टेरिया आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस यांवर ते निष्प्रभ ठरते. जून ते ऑक्टोबर या काळात पुण्यात तापाचे रुग्ण वाढतात तेव्हा ही यादी विशेष उपयोगी पडते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे विषाणूजन्य आजार असल्याने त्यांत सेफ्ट्रियाक्सोनचा काडीचाही उपयोग नसतो. लेप्टोस्पायरोसिसवर ते गुणकारी आहे. गोचिडवर्गीय कीटकांच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसवर मात्र त्याचा परिणाम होत नाही आणि तेथे डॉक्सिसायक्लिनसारखे वेगळे प्रतिजैविक द्यावे लागते. घाटमाथ्यावरच्या गावातून आलेल्या, अंगावर चाव्याच्या जागी काळी खपली असलेल्या रुग्णाला तीन दिवस सेफ्ट्रियाक्सोन देऊन ताप का उतरत नाही याचा विचार करत बसणे धोक्याचे आहे. ही खपली बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली असते, त्यामुळे कपडे बाजूला सारून तपासल्याशिवाय ती दिसत नाही.

पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, घ्यावे. प्रौढांत दोन वेगवेगळ्या जागांवरून, त्वचा नीट निर्जंतुक करून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. रक्त भरावे लागते, दोन-तीन मिलि. रक्त भरलेल्या बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता बरीच कमी होते. विषमज्वराच्या निदानासाठी केवळ एकदा केलेल्या विडाल या रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीवर विसंबण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातले कल्चर कितीतरी भरवशाचे असते. याला अपवाद वेळेचा. रुग्ण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत, असेल तर पहिली मात्रा तासाभराच्या आत गेली पाहिजे आणि नमुना घेण्याच्या खटाटोपात ती लांबता कामा नये.

ॲलर्जीचा प्रश्न पुण्यातल्या वॉर्डांत बहुधा ‘टेस्ट डोस’ या एका शब्दात मिटवला जातो. हातावर त्वचेत औषधाचा थेंबभर अंश टोचायचा, वीस मिनिटांनी फोड आला का ते पाहायचे आणि केस पेपरवर ‘टेस्ट डोस निगेटिव्ह’ असे लिहायचे, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. सरसकट प्रत्येकावर केलेल्या अशा चाचणीतून तीव्र प्रतिक्रियेचे खात्रीलायक भाकीत होत नाही. कधी केवळ औषधाच्या दाहकतेमुळे त्वचा लाल होते, तर कधी चाचणी निर्दोष येऊनही पुढे प्रतिक्रिया उमटते. त्यापेक्षा नीट विचारपूस अधिक मोलाची. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला, किती वेळात झाला, अंगावर गांधी उठल्या की श्वास कोंडला, की नुसती मळमळ झाली, हे रुग्णाच्या आईला किंवा पत्नीला विचारले तर पुष्कळदा स्पष्ट उत्तर मिळते. सेफॅलोस्पोरिनमुळे पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्यास सेफ्ट्रियाक्सोन देऊ नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य रुग्णांना ते चालते, कारण दोन्हींच्या रेणूंच्या पार्श्वशृंखला (मुख्य रचनेला जोडलेल्या बाजूच्या साखळ्या) वेगळ्या आहेत. तरीही पेनिसिलिनने ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, झालेला असेल तर हा निर्णय अनुभवी डॉक्टरानेच घ्यावा.

टेस्ट डोस दिला असो वा नसो, ॲड्रेनॅलिन हाताशी हवेच. ॲनाफायलॅक्सिस झाल्यास औषध तत्काळ थांबवून रुग्णाला आडवे करावे आणि प्रौढास ०.५ मिग्रॅ. ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचावे. गरज पडल्यास पाच मिनिटांनी ते पुन्हा द्यावे. आधी एव्हिल हे ॲलर्जीवरचे औषध आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देऊन वाट पाहण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते ती घातक आहे, कारण या दोन औषधांनी कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. याच कारणाने औषधाची पहिली मात्रा रुग्णाच्या घरी देऊ नये. पुढच्या मात्रा रोज बाह्यरुग्ण विभागात येऊन किंवा घरी येणाऱ्या परिचारिकेकडून घेता येतात आणि दिवसातून एकदाच द्यायचे असल्यामुळे हे औषध त्या सोयीला जुळते.

आता तयारी. १ ग्रॅमच्या कुपीतली भुकटी पांढरट ते फिकट पिवळी असते आणि खोक्यात बहुधा १० मिलि. निर्जंतुक पाण्याची अँप्यूल सोबत येते. शिरेतून देण्यासाठी ते पाणी कुपीत सोडून, कुपी हलवून, द्रावण पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबायचे. फिकट पिवळा ते सोनेरी रंग चालतो, मात्र गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर कुपी टाकून द्यायची. द्रावण दोन ते चार मिनिटे घेत सावकाश द्यावे. मोठी मात्रा नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात सोडणे चांगले. स्नायूत टोचताना फार दुखत असल्याने १ टक्का लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात विरघळवतात. लिग्नोकेनमध्ये तयार केलेले हे द्रावण चुकूनही शिरेत जाता कामा नये, म्हणून सिरिंजवर तसे लिहून चिकटवणे हा दोन सेकंदांचा उपाय प्रत्येक वॉर्डात असावा. विरघळवलेले औषध साध्या तापमानाला सुमारे सहा तास टिकते. एका रुग्णासाठी फोडलेल्या कुपीतले उरलेले औषध काटकसर म्हणून दुसऱ्या रुग्णासाठी राखून ठेवणे संसर्गाला निमंत्रण देणारे आहे.

सर्वांत गंभीर धोका कॅल्शियमशी संबंधित आहे. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो, आणि नवजात अर्भकांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा साका साचून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये याबाबत इशारा दिला आणि २००९ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यानुसार २८ दिवसांपर्यंतच्या ज्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू आहे किंवा द्यावे लागणार आहे, त्याला सेफ्ट्रियाक्सोन देऊ नये. मोठ्या रुग्णांत दोन्ही देता येतात, पण एका वेळी एकाच नळीतून नव्हे. आधीचे द्रावण सलाईनने नळीतून पूर्ण धुऊन काढल्यावरच दुसरे सोडावे. यातली मेख अशी की वॉर्डात ‘आरएल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते हे सहजी ध्यानात येत नाही. जुलाबाने सुकलेल्या रुग्णाला आरएलची बाटली लावलेली असते आणि त्याच नळीच्या रबरातून सिस्टर इंजेक्शन देतात. निष्काळजीपणा नसतानाही चूक घडते ती अशी. नवजात बाळांत आणखी एक अडचण आहे. हे औषध रक्तातील बिलिरुबिनला, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याला, प्रथिनांवरून हटवते, म्हणून कावीळ असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी डॉक्टर बहुधा याच गटातले सेफोटॅक्सिम निवडतात.

इतर दुष्परिणामांपैकी जुलाब, पुरळ व शिरेचा दाह हे नेहमीचे होत. प्रतिजैविक चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत पाण्यासारखे वारंवार जुलाब होऊ लागल्यास क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूचा संसर्ग तपासावा लागतो. रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता वाढते. क्वचित तांबड्या पेशी फुटून तीव्र रक्तक्षय होतो. औषधाचा काही भाग पित्तावाटे बाहेर पडत असल्याने पित्ताशयात कॅल्शियमयुक्त गाळ साचू शकतो. विशेषतः लहान मुलांच्या सोनोग्राफीत तो खड्यांसारखा दिसतो; औषध बंद केल्यावर तो सहसा आपोआप जातो, मात्र उपचारांचा इतिहास न सांगता नुसता रिपोर्ट घेऊन शल्यचिकित्सकाकडे गेल्यास नसत्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होऊ शकते.

विषमज्वरात हे औषध लागू पडत असले तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी नातेवाईक अस्वस्थ होतात, ‘औषध बदला’ असा आग्रह धरतात आणि गरज नसताना मेरोपेनेमसारखे राखीव प्रतिजैविक सुरू होते. रुग्णाची भूक परतत असेल, रक्तदाब स्थिर असेल आणि कल्चरमधला जंतू औषधाला दाद देत असेल, तर थांबणेच शहाणपणाचे असते. ४८ ते ७२ तासांनी प्रत्येक रुग्णाचा फेरविचार करावा, कल्चरचा अहवाल हाती घ्यावा आणि रुग्ण खाऊ-पिऊ लागला असल्यास योग्य गोळ्यांवर आणावे. शिरेतली सुई जितके दिवस राहते तितका तिच्यातून संसर्ग होण्याचा धोका वाढत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सेफ्ट्रियाक्सोन लक्ष ठेवून वापरण्याच्या गटात मोडते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जंतूंच्या अनेक वाणांत ते निकामी करणारी विकरे भारतात पसरली आहेत, त्यामुळे मूत्रमार्गसंसर्गात कल्चर न करता ते देणे दिवसेंदिवस कमी भरवशाचे ठरत आहे. भारतात ते २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’ मध्ये समाविष्ट आहे. त्यानुसार सदाशिव पेठेतल्या औषध बाजारातले दुकान असो वा उपनगरातले मेडिकल, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची किरकोळ विक्री करता येत नाही, आणि डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.