स्टोरीबोर्डात फुगे टाकले की कॉमिक होत नाही

अधूनमधून कोणीतरी एक पीडीएफ पाठवतं. आत रखडलेल्या वेबसिरीजचा नाहीतर कधीच न झालेल्या शॉर्टफिल्मचा स्टोरीबोर्ड असतो आणि सोबत निरोप: "चित्रं तयारच आहेत. फक्त संवादाचे फुगे टाकून दे, कॉमिक काढून टाकू." याची उलटी आवृत्तीही आहे. कॉमिक काढणाऱ्याच्या टेबलावरची थंबनेल्स, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, बघून पाहुणा खुशीत म्हणतो, "अच्छा, म्हणजे आधी स्टोरीबोर्ड करता तर!" दोन्हीकडे चौकटी असतात, चौकटींत काडीची माणसं असतात, त्यामुळे गल्लत होणारच. पण फिल्म शिकवणारे, ॲनिमेशन शिकवणारे, जाहिरातवाले अशा जाणत्या मंडळींकडूनही हेच ऐकलं की डोकं फिरतं.

स्टोरीबोर्ड तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात उरकतो. डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात रुळलेली पद्धत. शूटच्या किंवा ॲनिमेशनच्या आधी शॉट कागदावर बघून घ्यायचे, कॅमेरा सरकणार असेल तिथे बाण काढायचा, संवाद चौकटीखाली लिहायचा. काम झालं की कागद रद्दीत. (सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी काढलेल्या चित्रांची वही आजही बघावीशी वाटते, पण राय मूळचे चित्रकार, त्यांचं सोडा.)

किरकोळ फरकांवरही वेळ घालवायला नको. स्टोरीबोर्डाच्या सगळ्या चौकटी एकाच मापाच्या, पडद्याच्या मापाच्या. कॉमिकमध्ये माप बदलतं. स्टोरीबोर्ड शूटिंगच्या युनिटसाठी असतो, कॉमिक वाचकासाठी. हत्यारं आता दोन्हीकडे सारखीच. हे सगळं खरं आहे, पण यातलं काहीही न कळता माणूस बरं कॉमिक काढू शकतो.

एक गोष्ट मात्र कळली नाही तर काहीच जमत नाही. स्टोरीबोर्डातलं चित्र पुढच्या चित्राला जागा देऊन निघून जाणार असतं. पडद्यावर एका वेळी एकच चित्र, किती वेळ तेही दिग्दर्शक ठरवणार. कॉमिकचं चित्र कुठेही जात नाही. वाचक पान उघडतो तेव्हा सहा किंवा सात चित्रं एकदमच त्याच्या डोळ्यांसमोर येतात. पहिलं वाचत असतानाही शेवटचं कोपऱ्यातून दिसत असतं. तो मागे जातो, थांबतो, घाईत पुढे सरकतो, आणि त्याच्या हातावर कोणाचा ताबा नसतो. म्हणून कॉमिक काढणारा चौकटीचा विचार नंतर करतो. आधी तो पानाचा विचार करतो, त्याहीआधी समोरासमोरच्या दोन पानांचा. थंबनेल्स एवढ्यासाठीच असतात. शॉट ठरवायला ती नसतात. काळा भाग कुठे साचतोय, डोळा कुठून कुठे जातोय, मोठं चित्र वर घ्यायचं की तळाला, हे त्यांत बघायचं असतं. चांगल्या थंबनेलमधली एकच चौकट कापून दाखवली तर तिच्यातून काहीही कळत नाही.

हे ज्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं असा माणूस म्हणजे जेफ स्मिथ. ओहायोतल्या कोलंबसमध्ये १९८६ साली त्याने मित्रांबरोबर कॅरेक्टर बिल्डर्स नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ काढला. पुढे तो सोडला आणि १९९१ मध्ये 'बोन' या कॉमिकचा पहिला अंक स्वतःच छापला. कंपनीचं नाव कार्टून बुक्स, धंद्याची बाजू सांभाळायला बायको विजया अय्यर. ५५ अंक, १३०० हून जास्त काळी-पांढरी पानं, शेवट २००४ मध्ये. लेखन, पेन्सिल, ब्रशने शाई, अक्षरं, सगळं याचंच. ॲनिमेशनमधून आलेला माणूस म्हटल्यावर कोणालाही वाटेल की त्याने स्टोरीबोर्डच छापले असतील. पहिला अंक उघडा.

दरीत हिवाळा येतो ती जागा बघा. एका चित्रात गोष्टीचा नायक फोन बोन मोकळ्या रानात उभा आहे. पुढच्या चित्रात बर्फ पडून गेलेलं, धप्पकन, सगळंच्या सगळं एकदम. हे ॲनिमेशनमध्ये करायचं तर बर्फाचा ढीग पडताना दाखवावा लागेल, किती फ्रेम ते ठरवावं लागेल, आवाज टाकावा लागेल. कागदावर तो सगळा वेळ दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत, गटरमध्ये, गेला. आणि दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी दिसतात म्हणूनच हसू येतं: नजर एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसरं चित्र आलं की पहिलं नाहीसं झालं असतं, तर त्या विनोदातला अर्धा दम गेला असता.

त्याच अंकात उंदरासारखे राक्षस फोन बोनच्या मागे लागतात. तो कड्यावरून उडी मारून एका बारीक फांदीला लोंबकळतो आणि म्हणतो, या फांदीवर माझ्यामागे यायला ते फारच मूर्ख असायला हवेत. लगेच दोन्ही धूड फांदीवर. इथे ठेका कॅमेऱ्याचा नाही. तीच फांदी, तोच कोन, चित्र जवळपास तेच. बदललंय ते फक्त वजन. स्टोरीबोर्डात कोण सतत बदलण्याचा मोह होतो, कारण कट दाखवायचे असतात. कॉमिकमध्ये कोन बदलला नाही तर वाचक आपोआप काय बदललं तेवढंच बघतो.

आता तो पीडीएफवाला प्रश्न: फुगे टाकले तर काय बिघडतं? सगळंच बिघडतं. शॉटमध्ये उजवीकडची बाई आधी बोलली काय किंवा डावीकडचा बुवा आधी बोलला काय, आवाज कानावर येतो, काही अडत नाही. कागदावर वाचक डावीकडून वाचायला लागतो. बाई उजवीकडे असून आधी बोलणार असेल, तर तिचा फुगा डावीकडे वर चढवायचा आणि त्याची शेपटी त्या बुवाच्या डोक्यावरून ओढत तिच्या तोंडापर्यंत न्यायची. दोन संवादांत गुंता होतो. जाणता माणूस थंबनेलमध्येच विचारतो, आधी कोण बोलणार? त्याला डावीकडे उभं करतो. बोलणाऱ्या दोघांच्या मधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही हा फिल्मवाल्यांचा नियम आम्हीही पाळतो, पण तो आणि बोलण्याचा क्रम यांचं भांडण लागलं तर मी बेधडक रेषा ओलांडतो.

शिवाय फुग्याला जागा लागते. स्टोरीबोर्डातला क्लोजअप कपाळापर्यंत चौकट भरून असतो, कारण संवाद खाली लिहिलेला. तिथे फुगा टाकला की नायकाचं कपाळ झाकलं जातं, मग एक डोळा. फुगे शेवटी कॉम्प्युटरवर चिकटवायची वस्तू आहे असं समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते चित्राचा भाग आहेत आणि पेन्सिल ठेवतानाच त्यांची जागा राखावी लागते.

तिसरी गोष्ट पान उलटण्याची. पुस्तकात डावं पान सम क्रमांकाचं, उजवं विषम. धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर, वरच्या चौकटीत. आणि आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत दाराची कडी वाजली पाहिजे. मधे एक जास्तीचं पान घुसवलं की पुढचे सगळे धक्के एका घराने सरकतात आणि भूत आधीच समोरच्या पानावरून आपल्याकडे बघत बसतं. स्टोरीबोर्डात पान उलटणं ही घटनाच नाही. एक माणूस दार उघडतो: हात, कडी, फट, चेहरा, आत पाऊल. पडद्यावर हे झटक्यात जातं. कॉमिकमध्ये अख्खं पान गेलं, आणि एकट्याने काढणाऱ्याचा दिवसही गेला. अमेरिकन मासिक अंकात गोष्टीला मिळतात साधारण २० ते २२ पानं. त्यातलं एक दाराला?

आपल्याकडे याचा पुरावा घराघरांत होता. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलं, मराठीतही येत असे. त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, मुळात वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांचा. तीन-चार चौकटींची पट्टी रोज, आणि रोजच्या शेवटच्या चौकटीत उद्यासाठी उत्कंठा ताणून ठेवलेली. त्या पट्ट्या कापून, छाटून, पानांत बसवल्या. लहानपणी वेताळ अधाशासारखा वाचला, अजूनही वाचतो. पण पानाच्या मध्येच उत्कंठा संपते आणि पुढच्याच चौकटीत उत्तर सापडतं, हे कारण कळल्यापासून दर वेळी खुपतं. मोबाइलवर उभं सरकवत वाचायच्या कॉमिकचं गणित आणखी वेगळं. तिथे पान नसतं, चौकटी एकेक करून येतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते स्टोरीबोर्डाच्या थोडं जवळ जातं. मला ते फारसं आवडत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे आणि तिचा मला खरा राग आहे: कॉमिक म्हणजे सिनेमासाठी केलेला स्वस्तातला अर्ज. 'बोन'चा सिनेमा व्हावा म्हणून निकलोडियन आलं, त्यांना त्यात पॉप गाणी हवी होती, स्मिथने नकार दिला. २००८ मध्ये हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे गेले. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने मालिका जाहीर केली आणि २०२२ मध्ये गुंडाळली. दरम्यान २००५ पासून स्कोलास्टिक या प्रकाशनाने रंगीत आवृत्ती काढली आणि शाळकरी पोरांची नवी पिढी ती वाचत मोठी झाली. ज्या कामाला पडद्याची वाट बघावी लागते ते स्टोरीबोर्ड.

फरक डोळ्यांनीच बघायचा असेल तर स्मिथचीच अलीकडची पुस्तकं घ्या. 'टुकी' त्याने आधी वेबवर सुरू केलं, मग थांबवलं, पुन्हा हात फिरवून किकस्टार्टरवर वाचकांकडून पैसे उभे केले आणि २०२१ व २०२२ मध्ये दोन पुस्तकं काढली. त्याहून उपयोगी आहे 'थॉर्न'. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना १९८२ ते १९८६ या काळात तो विद्यार्थ्यांच्या 'लँटर्न' या वर्तमानपत्रात जी पट्टी काढायचा, ती या पुस्तकात एकत्र केली आहे. तेच बोन, तीच थॉर्न नावाची मुलगी, पण पट्टीत, जिथे रोज तेवढ्याच चौकटींत विनोद संपवावा लागायचा. शेजारी 'बोन'चा पहिला अंक ठेवून वाचा.

आणि ज्याला इथलं काही हवं असेल त्याने ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' घ्यावं. १९९४ चं पुस्तक, नर्मदेवरच्या धरणाबद्दलचं. त्या पाण्याखाली आपल्या नंदुरबारमधली गावंही गेली. बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२२ मध्ये ब्लाफ्ट प्रकाशनाने पुन्हा काढलं. त्यात आदिवासी गायकाची सृष्टीच्या जन्माची कथा आणि बातमीदाराची आजची गोष्ट अशा दोन धारा आहेत. पानं चाळताना बघा, कुठे कोणती धार चालू आहे हे मजकूर न वाचताच कळतं.