सागरी तुषारांचा हिमसंचय

थंड समुद्रात खनिज तेलासाठी खोदकाम करणाऱ्या रिग व प्लॅटफॉर्मवर लाटांचे तुषार गोठून साचणारा बर्फ. हवेचे तापमान सु. −२° से.च्या खाली उतरले आणि वारा सेकंदाला ९–१० मी.पेक्षा वेगाने वाहू लागला की तो धरू लागतो. समुद्र गोठलेला असेल तर तुषार उडतच नाहीत. धोका असतो तो पाणी मोकळे आणि हवा कडाक्याची थंड अशा ठिकाणी. बॅरेंट्स समुद्राचा नॉर्वेकडील भाग उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यातही मोकळा राहतो, म्हणून तेथे हा प्रश्न विशेष जाणवतो.

समुद्राचे खारे पाणी सु. −१.९° से.ला गोठते. वाऱ्याने उडालेला थेंब वाटेत थंड होतो, पण लोखंडावर आदळेपर्यंत सहसा पूर्ण गोठत नाही. काही पाणी जागीच धरते, उरलेले ओघळून जाळीच्या पायऱ्यांखाली लोंबू लागते. गोठताना वेगळे पडलेले तीव्र खारे पाणी बर्फाच्या पोकळ्यांत अडकते. त्यामुळे ताजा थर ओला व मऊसर असतो. कठड्याचे नळ, तारा, साखळ्या अशा बारीक वस्तूंवर तो लवकर चढतो.

जहाजाला हा बर्फ बुडवू शकतो. २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेस ‘लोरेला’ व ‘रॉडेरिगो’ हे ब्रिटिश ट्रॉलर (जाळे ओढत मासे धरणारी जहाजे) त्याच्या भाराने उलटले आणि ४० खलाशी गेले. अलास्काच्या कुक इनलेटमध्ये १९७९-८० च्या हिवाळ्यात ‘ओशन बाउंटी’ या अर्धबुडीत (खालचा भाग पाण्यात बुडवून तरंगणाऱ्या) रिगवर सु. ५०० टन बर्फ साचला, पण रिग तरली. अवाढव्य रिगला एवढे वजन बहुधा पेलते. मात्र वाऱ्याच्या बाजूलाच भार वाढला तर तोल सांभाळावा लागतो.

रिगवर बर्फाच्या वजनापेक्षा तो साचतो ती जागा महत्त्वाची. व्हॉल्व्हचे चाक फिरेना, जीवरक्षक नौकेचा हूक सुटेना, सुटकेचा जिना निसरडा झाला, तर थोडा बर्फही पुरे. नॉर्वेच्या तेल उद्योगाच्या ‘नॉरसॉक’ मानकात ६८° उत्तर अक्षांशाच्या पलीकडे समुद्रसपाटीपासून ५ ते १० मी. उंचीवर १५० मिमी. जाडीचा थर गृहीत धरतात, २५ मी.वर तो शून्यावर येतो. म्हणून नाजूक यंत्रणा उंचावर किंवा बंदिस्त ठेवणे सर्वांत स्वस्त पडते. उरलेल्या ठिकाणी वारारोधक भिंती, ताडपत्री, विजेच्या तापक तारा, वाफ, गरम पाणी आणि अखेर लाकडी हातोडे वापरतात. लोखंडी घणाने तारा व रंग दुखावतात.